अपील करायचंय? आधी दाखला आणा

न्यायाधीशाने १७ दिवस दिले. कायद्यात १४ होते.

किथ बाउल्स हा ओहायो राज्यातला कैदी. खुनाची शिक्षा भोगत होता. त्याचा हेबियस कॉर्पसचा अर्ज फेडरल जिल्हा न्यायालयाने सप्टेंबर २००३मध्ये फेटाळला. त्यावर अपील करायला ३० दिवस मिळतात. ते निघून गेले. पण निकालाची नोटीसच ज्याला वेळेत मिळाली नाही, त्याच्यासाठी नियमांत एक छोटी खिडकी आहे. न्यायाधीश अपिलाची मुदत पुन्हा उघडून देऊ शकतो, १४ दिवसांसाठी. बाउल्सने तसा अर्ज केला. १० फेब्रुवारी २००४ला न्यायाधीशाने तो मंजूर केला आणि आदेशात लिहिलं की २७ फेब्रुवारीपर्यंत अपील दाखल करावं. हे झाले १७ दिवस. हा आकडा कुठून आला याचा खुलासा त्या आदेशात नाही. बाउल्सचं अपील २६ तारखेला दाखल झालं. कोर्टाने दिलेल्या तारखेच्या एक दिवस आधी.

नियमातले १४ दिवस २४ तारखेलाच संपले होते.

प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. जून २००७मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी निकाल आला की अपील मुदतबाह्य आहे. न्यायाधीशाची चूक असली तरी मुदत कायद्याने ठरवलेली आहे, ती वाढवण्याचा अधिकार कुठल्याच कोर्टाला नाही, सबब अपील ऐकताच येणार नाही. बहुमताचा निकाल क्लॅरेन्स थॉमस यांचा. विरोधी मत डेव्हिड सूटर यांचं. न्यायव्यवस्थेने माणसांना असं वागवणं सहन करण्यासारखं नाही, इतक्या साध्या शब्दांत त्यांनी ते मांडलं. यापूर्वी, १९६२ साली, एका ट्रक कंपनीने न्यायाधीशाने दिलेल्या मुदतवाढीवर विसंबून उशिरा अपील केलं होतं, तेव्हा याच सर्वोच्च न्यायालयाने तिला सांभाळून घेतलं होतं. कोर्टावर विश्वास ठेवणाऱ्याला कोर्टाच्या चुकीची शिक्षा होऊ नये, असा तो अपवाद. बाउल्सने तोच अपवाद मागितला. कोर्टाने बाउल्सला नाही म्हटलं आणि जाता जाता तो अपवादही रद्द करून टाकला.

माझं म्हणणं एवढंच आहे की हा निकाल अपघात नव्हता. अमेरिकेत हेबियस नाकारला गेलेल्या कैद्याच्या अपिलाची सगळी वाट याच विचाराने बांधलेली आहे. चूक न्यायाधीशाची असो, वकिलाची असो, टपालाची असो, बिल कैद्याच्या नावावर फाटतं. आणि समोरचा पक्ष, म्हणजे सरकार, त्याच वाटेने येतं तेव्हा तिथे फाटकच नसतं.

आधी हेबियस कॉर्पस म्हणजे काय ते. आपल्याकडे मराठीत त्याला बंदी प्रत्यक्षीकरण म्हणतात. शब्द अवजड आहे, पण अर्थ नेमका आहे: माणूस आत ठेवलाय ना, मग त्याला समोर आणा आणि कोणत्या अधिकाराने ठेवलाय ते सांगा. मराठी घरांत हा शब्द आणीबाणीने पोचवला. मिसाखाली अटक झालेल्यांच्या याचिका ऐकता येतील असं देशातल्या अनेक उच्च न्यायालयांनी म्हटलं, मुंबई उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठही त्यांत होतं. १९७६ साली एडीएम जबलपूर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी ते सगळे निकाल उलटवले. एकटे न्या. एच. आर. खन्ना विरोधात उभे राहिले. तो निकाल चुकीचा होता हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली पुट्टस्वामी प्रकरणात म्हटलं, ४१ वर्षांनी.

आपल्याकडे ही याचिका मुख्यतः खटल्याविना कोठडीत टाकलेल्या माणसासाठी असते. अमेरिकेत तिचा आणखी एक उपयोग आहे आणि तोच मोठा आहे. १८६७च्या कायद्याने तिथल्या फेडरल न्यायालयांना राज्यांच्या तुरुंगातल्या कैद्यांच्या तक्रारी ऐकण्याचा अधिकार मिळाला. यादवी युद्ध नुकतंच संपलं होतं. गुलामगिरी गेली तरी दक्षिणेतली न्यायालयं तीच होती, त्यामुळे हा अधिकार कोणासाठी हवा होता हे सांगायला नको. तेव्हा टेक्सासच्या कोर्टाने शिक्षा दिलेला माणूस, राज्यातली सगळी अपिलं संपली की फेडरल न्यायाधीशाकडे जाऊन म्हणू शकतो: माझा खटला राज्यघटना मोडून चालवला गेला, म्हणून मला कोंडून ठेवणं बेकायदा आहे. खटल्यातल्या लबाडीला बाहेरच्या माणसाने बघण्याची ही शेवटची जागा.

आता समजा त्या फेडरल न्यायाधीशाने नाही म्हटलं. पुढे काय? तुम्ही म्हणाल, वरच्या कोर्टात अपील. तसं नाही. तिथे दाखला लागतो.

दाखला या शब्दाला आपल्याकडे जो वास आहे तोच इथेही घ्या. तलाठी, तहसील, उद्या या. त्याचं नाव सर्टिफिकेट ऑफ अपीलेबिलिटी, म्हणजे हे प्रकरण अपील करण्याच्या लायकीचं आहे असा दाखला. तो नसेल तर वरचं कोर्ट अपील ऐकूच शकत नाही. आणि तो पहिल्यांदा कोणी द्यायचा? ज्याने आत्ताच अर्ज फेटाळला त्याच न्यायाधीशाने. नियमच आहे की अर्ज फेटाळताना दाखला देतोय की नाही हेही त्याने ठरवायचं. म्हणजे पेपर तपासणाऱ्या सरांनीच तुम्हाला नापास करायचं आणि त्याच हाताने हेही लिहायचं की ‘माझी तपासणी वादग्रस्त ठरू शकते’, तर विद्यापीठ पुनर्मूल्यांकनाचा फॉर्म घेणार. सरांनी लिहून दिलं नाही तर वरच्या कोर्टातल्या न्यायाधीशाकडे दाखला मागता येतो. तिथलं उत्तर अनेकदा दोन-चार ओळींत येतं. समोरासमोर सुनावणी नाही. समोर आणा म्हणणाऱ्या अर्जाचं अपील, आणि माणूस समोर येतच नाही.

हा दाखला सरकारला लागत नाही.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा नियम दोनदा वाचला. शब्द स्पष्ट आहेत. कैदी हरला तर त्याला दाखला हवा. कैदी जिंकला आणि राज्य हरलं, तर राज्याने सरळ अपील करायचं. बॅरी जोन्स नावाचा ॲरिझोनातला कैदी घ्या. चार वर्षांच्या मुलीच्या मृत्यूबद्दल १९९५ साली तो दोषी ठरला, मृत्युदंड झाला. वकिलाने वैद्यकीय पुरावा नीट तपासलाच नव्हता. फेडरल न्यायाधीशाने कित्येक दिवस साक्षी घेतल्या आणि २०१८मध्ये म्हटलं की त्याला योग्य बचाव मिळाला नाही, खटला पुन्हा चालवा नाहीतर सोडा. राज्याने अपील केलं, वरचं कोर्टही जोन्सच्या बाजूने. राज्य आणखी वर गेलं. २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी सांगितलं की राज्याच्या कोर्टात जो पुरावा आला नव्हता तो फेडरल न्यायाधीशाने बघायलाच नको होता. पुरावा तिथे आला नव्हता कारण तिथला पुढचा वकीलही निकामी होता, पण ते जोन्सचं नशीब. अखेर २०२३मध्ये तडजोड झाली. मुलीला वेळेत दवाखान्यात नेलं नाही याबद्दल त्याने कमी गंभीर गुन्हा कबूल केला, त्याची शिक्षा आधीच भोगून झाली होती, आणि तो बाहेर आला. सुमारे तीन दशकांनंतर. या सगळ्यात ‘तुमचं अपील लायकीचं आहे का?’ हा प्रश्न ॲरिझोना राज्याला फेडरल अपील कोर्टाच्या दारात कोणी विचारला नाही.

दाखल्याची ही कल्पना जुनी, १९०८ सालची. पण तिला आजचे दात आले ते १९९६मध्ये. १९ एप्रिल १९९५ला ओक्लाहोमा सिटीत सरकारी इमारतीसमोर बॉम्बचा ट्रक उडवला गेला, १६८ माणसं गेली. वर्षभराने, २४ एप्रिल १९९६ला, बिल क्लिंटन यांनी दहशतवादविरोध आणि परिणामकारक मृत्युदंड या नावाच्या कायद्यावर सही केली. त्यात हेबियस मागायला एक वर्षाची मुदत आली. राज्याच्या कोर्टाचा निकाल नुसता चुकीचा असून भागणार नाही, सर्वोच्च न्यायालयाने आधीच पक्क्या केलेल्या कायद्याच्या विरुद्ध किंवा अवाजवी असला पाहिजे, ही अट आली. दाखल्याची अट कडक झाली. आता गंमत बघा. ओक्लाहोमाच्या बॉम्बवाल्याचा खटला फेडरल कोर्टात चालला, त्याला फेडरल मृत्युदंड झाला, २००१मध्ये तो अमलातही आला. राज्यांच्या तुरुंगातल्या चोर, दरोडेखोर, खुनी, आणि कधीकधी निरपराध माणसांचा त्या ट्रकशी काय संबंध होता? काही नाही. पण १६८ शवपेट्यांसमोर उभं राहून कैद्यांची बाजू कोणता खासदार घेणार होता?

दाखल्याचं समर्थन करणारे म्हणतात की ही फक्त चाळणी आहे. फालतू अपिलं गळून जातात, दमदार वर जातात. चाळणी चालते कशी ते टेक्सासमध्ये बघू.

थॉमस जो मिलर-एल हा कृष्णवर्णीय माणूस. १९८६ साली डॅलसमध्ये त्याच्यावर खुनाचा खटला चालला. ज्युरी निवडताना १०८ जणांची चाचपणी झाली, त्यांतले २० कृष्णवर्णीय. नऊ जण वेगवेगळ्या कारणांनी आधीच गळले. उरले ११. सरकारी वकिलांनी आपल्या नकाराधिकारात त्यांतल्या १० जणांना काढलं. डॅलसच्या सरकारी वकिलांच्या कार्यालयात तर कृष्णवर्णीय, ज्यू, मेक्सिकन लोकांना ज्युरीत घेऊ नका असं शिकवणारी परिपत्रकं एकेकाळी फिरत होती, हे पुराव्यात आलं होतं. हे सगळं हातात असताना फेडरल जिल्हा न्यायालय नाही म्हणालं, आणि पाचव्या सर्किटचं अपील कोर्ट म्हणालं, दाखला नाही. म्हणजे यावर वाद होऊ शकतो असंसुद्धा त्यांना वाटलं नाही. २००३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी त्यांना झापलं: दाखला देताना केस जिंकेल का हे बघायचं नसतं, समंजस न्यायाधीशांत मतभेद होऊ शकतो का एवढंच बघायचं. मग पाचव्या सर्किटने अपील ऐकलं आणि पुन्हा फेटाळलं. पुन्हा सर्वोच्च न्यायालय, २००५, सहा विरुद्ध तीन, आणि मिलर-एल जिंकला. सर्वोच्च न्यायालयात जी केस जिंकली ती खालच्या कोर्टाला ऐकण्याच्याही लायकीची वाटली नव्हती. चाळणीत गहू अडकले होते.

बरं, २००३ला धडा मिळाला, पुढे सुधारले असतील. नाही सुधारले.

ड्युएन बक. ह्यूस्टन. त्याने १९९५मध्ये दोघांना मारलं, यात वाद नाही. वाद शिक्षेचा होता. टेक्सासमध्ये मृत्युदंड द्यायचा तर हा माणूस पुढेही हिंसा करेल असं ज्युरीला वाटावं लागतं. १९९७च्या खटल्यात एका मानसशास्त्रज्ञाने ज्युरीला सांगितलं की कृष्णवर्णीय असण्याने हिंसेची शक्यता वाढते. आणि हा साक्षीदार सरकारने आणलेला नव्हता. बकच्या स्वतःच्या वकिलाने आणला होता! २००० साली टेक्सासच्या तेव्हाच्या ॲटर्नी जनरलनी, जॉन कॉर्निन यांनी, जाहीर केलं की या मानसशास्त्रज्ञाच्या साक्षीमुळे सहा प्रकरणं बिघडली आहेत. इतर पाचांत राज्याने विरोध सोडला. बकच्या प्रकरणात मात्र नंतर पवित्रा बदलला, कारण काय तर साक्षीदार तुमच्याच वकिलाने बोलावला होता. बकच्या पुढच्या वकिलाने हा मुद्दा योग्य वेळी मांडला नव्हता, तेही त्याच्या खात्यात. पाचव्या सर्किटने काय केलं असेल? दाखला नाकारला. बकचं प्रकरण काही असाधारण नाही म्हणे.

फेब्रुवारी २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध दोन मतांनी हा निकाल उलटवला. सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स हे काही क्रांतिकारक नव्हेत. त्यांनीच लिहिलं की काही विषं थोडी पोटात गेली तरी जीव घेतात. त्याहून माझ्या दृष्टीने महत्त्वाचं: पाचवं सर्किट दारातच उभं राहून सगळी केस निकालात काढतंय आणि वर म्हणतंय की दार उघडण्यासारखं काही नाही, हे त्यांनी पुन्हा एकदा बजावलं. १४ वर्षांत दुसऱ्यांदा, त्याच कोर्टाला, त्याच चुकीबद्दल. शेवटी बकची शिक्षा जन्मठेप झाली.

मिलर-एल आणि बक यांची नावं मला माहीत आहेत कारण ते मृत्युदंडाचे कैदी होते आणि त्यांच्यामागे चांगले वकील उभे राहिले. ज्याला २० वर्षांची शिक्षा आहे त्याला हेबियससाठी हक्काचा वकील नाही. तो स्वतः लिहितो. त्याचा दाखला नाकारणारी दोन ओळींची ऑर्डर कुणी वाचत नाही.

म्हणजे मी वाचते, कधीकधी. पुण्यात एका कंपनीत बसून अमेरिकन वकिलांचे कागद रात्रपाळीत चाळणं हे माझं काम आहे. खटले मात्र कैद्यांचे नसतात. पेटंट, विमा, दोन कंपन्यांचं फाटलेलं लग्न. त्या खटल्यांत मुदत सांभाळायला काय काय असतं ते सांगते. सॉफ्टवेअर असतं, ते आदेश येताच पुढच्या सगळ्या तारखा टाकतं. ते बरोबर आहे का हे मी बघते. माझ्यावर एक टीम लीड बघते. सकाळी तिकडचा एक पॅरालीगल बघतो. न्यायाधीशाने १४च्या जागी १७ लिहिलं असतं तर आमच्याकडे चार ठिकाणी लाल दिवा लागला असता आणि वकिलाने १४व्या दिवसाच्या आत अपील टाकलं असतं. बाउल्सचा नियम कंपन्यांनाही तसाच लागू आहे हे मला माहीत आहे. नियम सगळ्यांना सारखा. फक्त कंपन्यांकडे मी आहे, आणि तुरुंगातल्या माणसाकडे आठवड्यातून ठरावीक तास उघडणारी लायब्ररी.

त्या लायब्ररीतून काय होतं तेही ऐका. फ्लोरिडाचा अल्बर्ट हॉलंड. मृत्युदंडाचा कैदी, सरकारने वकील दिलेला. हॉलंड त्याला पत्रामागून पत्र लिहीत राहिला की एक वर्षाची मुदत चालू आहे, चुकवू नका. वकील उत्तरच देईना. हा वकील बदला असं त्याने राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाला दोनदा कळवलं. सरकारी बाजूने उत्तर आलं की तुम्हाला वकील आहे, तेव्हा तुम्ही स्वतः अर्ज करू शकत नाही. जानेवारी २००६मध्ये लायब्ररीत बसलेला असताना त्याला कळलं की त्याचा राज्यातला निकाल आधीच लागलाय. वकिलाने कळवलं नव्हतं. मुदत संपली होती. त्याने स्वतःच्या हाताने अर्ज लिहिला आणि दुसऱ्या दिवशी पाठवला. नंतर मुदत कशी मोजायची यावर वकिलाने त्याला कायदा समजावला, तो चुकीचा होता. हॉलंडने वकिलाला कायदा समजावला, तो बरोबर होता. २०१०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं की अशा टोकाच्या प्रकरणात मुदत लवचीक धरता येईल. पण तिथपर्यंत पोचायला चार वर्षं गेली, आणि त्याआधी अपील कोर्टाने हॉलंडलाच परत पाठवलं होतं.

टपालाचीही एक गोष्ट आहे. टेनेसीच्या एका कैद्याने २७व्या दिवशी अपिलाचा कागद तुरुंगाच्या टपालखान्यात दिला. कोर्टाचा शिक्का पडला ३१व्या दिवशी. मुदत ३०. मधले दिवस त्याने काय करायचं होतं, भिंत फोडून कागद पोचवायचा होता? १९८८मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी ठरलं की कैद्याने तुरुंगाच्या हाती कागद दिला तो दिवस धरायचा. पाच विरुद्ध चार! एक मत इकडचं तिकडे झालं असतं तर तुरुंगाचं टपाल उशिरा जातं ही कैद्याची चूक ठरली असती.

हे सगळं मी परवा घरी सांगत होते तेव्हा माझा मावसभाऊ म्हणाला, “ताई, त्यांनी खून केलेत ना पण? मग तीन दिवस इकडे काय नि तिकडे काय?”

हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. अमेरिकेतही नेमका हाच प्रश्न सभ्य भाषेत विचारला जातो. मेलेल्याच्या घरच्यांनी किती वर्षं कोर्टाच्या चकरा मारायच्या? कुठेतरी शेवट नको का? आणि हेही खरं की कैद्यांचे बहुतेक अर्ज दमदार नसतात, न्यायाधीशांपुढे ढीग पडतो. मला हे सगळं मान्य आहे. म्हणून मी निरपराध माणसाचं उदाहरण देणार नाही, उलटं देते.

रॉजर कोलमन, व्हर्जिनिया. बलात्कार आणि खून. राज्याच्या कोर्टाने त्याचा हेबियस अर्ज फेटाळला, त्यावर अपील करायला ३० दिवस होते, त्याच्या वकिलांनी ३३व्या दिवशी केलं. तीन दिवस. अपील गेलं, आणि त्याबरोबर फेडरल कोर्टात ते मुद्दे मांडायचा हक्कही गेला. १९९१च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाचं पहिलंच वाक्य सांगतं की ही केस संघराज्य व्यवस्थेबद्दल आहे. माणसाचं नाव नंतर येतं. मे १९९२मध्ये त्याला विजेच्या खुर्चीत मारलं. तो निर्दोष आहे अशी अनेकांची खात्री होती. २००६मध्ये राज्यपालांच्या आदेशाने डीएनए तपासणी झाली आणि कळलं की गुन्हा त्यानेच केला होता.

मावसभावाला वाटलं मी हरले. पण बघ ना. १९९१मध्ये हे कोणालाच पक्कं माहीत नव्हतं. ज्या कोर्टाने तीन दिवसांवरून दार बंद केलं, त्यालाही नाही. तो दोषी निघाला म्हणून तो नियम बरोबर ठरत नाही. तोच नियम ३३व्या दिवशी पोचलेल्या निरपराध माणसालाही तसाच मारेल, कारण त्या नियमाला दोघांतला फरक बघायचाच नाहीये. आणि ढिगाबद्दल म्हणाल, तर ढीग उपसायचा उपाय म्हणजे माणसं नेमा. आपल्या न्यायालयांतही ढीग आहे, म्हणून आपण अपिलाचा हक्क काढून घेत नाही.

आपल्या घरात सगळं छान आहे असं सुचवायचं नाही मला. आपल्याकडे अपील दाखल होतं आणि मग ते ऐकायला एवढी वर्षं लागतात की कैद्याचे केस पांढरे होतात. पण या एका बाबतीत आपला कायदा अधिक माणसासारखा विचार करतो, तेवढं म्हणू द्या. मुदत कायद्याच्या कलम ५खाली उशिराचं पुरेसं कारण दिलं तर विलंब माफ होतो. दर दिवसाचा हिशोब मागणं म्हणजे काटेकोरपणाचा अतिरेक, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८७मध्ये जमीन संपादनाच्या एका प्रकरणात म्हटलं. तुरुंगातल्या माणसाने अपील तुरुंगाधिकाऱ्याकडे द्यावं आणि त्याने ते पुढे पाठवावं, हे आपल्या फौजदारी प्रक्रिया संहितेत लिहिलेलंच होतं, त्यासाठी पाच विरुद्ध चार करावं लागलं नाही. तिहारमधून सुनील बत्रा या कैद्याने दुसऱ्या कैद्यावर झालेल्या छळाबद्दल न्यायाधीशांना साधं पत्र लिहिलं, तर सर्वोच्च न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानलं. ना नमुना, ना दाखला.

अमेरिकेलाही हे एकेकाळी जमलं होतं. क्लॅरेन्स गिडियन हा फ्लोरिडातला कैदी. १९६१ साली एका पूल रूमच्या घरफोडीत त्याला पाच वर्षं झाली. त्याने कोर्टात वकील मागितला होता, मिळाला नाही. फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याचा हेबियस अर्ज फेटाळला. मग त्याने तुरुंगाच्या कागदावर पेन्सिलीने थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाला लिहिलं. १९६३मध्ये कोर्टाने एकमताने ठरवलं की गंभीर गुन्ह्याच्या खटल्यात गरीब आरोपीला सरकारने वकील द्यायलाच हवा. पुन्हा खटला चालला, या वेळी वकिलासह, आणि गिडियन निर्दोष सुटला. त्याच्या नावाने अमेरिकेतले वकील आजही छाती फुगवतात.

थेट वर लिहिण्याची ती वाट कागदोपत्री आजही आहे, पण तिथे ऐकायचं की नाही ही सर्वस्वी कोर्टाची मर्जी. हक्काची वाट ती फेडरल हेबियसची. गिडियन आज त्या वाटेने गेला असता तर? १९४२चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल त्याच्या विरुद्ध होता, प्रत्येकाला वकील देणं बंधनकारक नाही असं सांगणारा. फ्लोरिडाने तोच निकाल पाळला होता. म्हणजे १९९६च्या अटीप्रमाणे राज्याचं काहीच चुकलं नव्हतं. जिल्हा न्यायाधीशाने अर्ज फेटाळला असता आणि खाली आणखी एक ओळ लिहिली असती, दाखला नाकारण्यात येत आहे. पेन्सिलीचा तो कागद फाइलला लागला असता.

म्हणून माझी मागणी सुधारणेची, समतोल वगैरेची नाही. दाखला रद्द करा. हेबियसमध्ये हरलेल्या राज्याला जे अपील मिळतं, तेच हरलेल्या कैद्याला मिळू द्या. आणि न्यायाधीशाने लिहून दिलेली तारीख कैद्याने पाळली असेल, तर ती पाळली असं धरा. यासाठी राज्यघटना बदलावी लागत नाही. थॉमस यांनीच बाउल्सच्या निकालात लिहिलंय की हे नियम अन्यायकारक वाटत असतील तर काँग्रेसने कोर्टांना ते सैल करण्याची मुभा द्यावी. २००७ साली लिहिलंय. त्या नियमात अजून १४च आहेत.